घर जागेवर, पायऱ्या हलत्या: इंदूरच्या काळ्या मातीतलं एक प्रकरण

प्रकरण इंदूरच्या पश्चिम भागातलं, केसरबाग रोडजवळच्या एका जुन्या वसाहतीतलं. बैठं घर, 1980 च्या दशकात बांधलेलं. जोतं जमिनीपासून 75 सेंटिमीटर वर. मुख्य दार पूर्वेला, पोर्चखाली. पश्चिमेच्या भिंतीत स्वयंपाकघराचं बाजूचं दार आणि त्या दारासाठी मागाहून कधीतरी बांधलेल्या पायऱ्या. घरात दोघंच, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू, मुलगा पुण्याला. मी त्याच भागात राहणारी स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं ते ‘जरा बघून जा ना गं’ या वाटेनं. अशा कामाची फी कशी मागायची हा प्रश्न वेगळा.

तक्रार वरवर साधी होती. पायऱ्या आणि भिंत यांच्यात फट पडते. उन्हाळ्यात कुणीतरी गवंडी येऊन ती सिमेंटनं बुजवतो, पावसाळाभर ठीक दिसतं, पुढच्या उन्हाळ्यात फट पुन्हा हजर. अलीकडे मात्र भिंतीला आतून, ओट्याखाली, ओल दिसायला लागली होती आणि उंबऱ्याजवळची एक फरशी उचलली गेली होती. पायऱ्या खचताहेत, पाया कच्चा आहे, पाडून चांगला भक्कम पाया घालून नव्या बांधायच्या, असं काकांनी ठरवूनही टाकलं होतं. मिस्त्रीचा बेत तयार होता: चर आणखी अर्धा फूट खोल, तळाला गिट्टीचा जाड थर, वर भरीव वीटकाम. माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं होतं.

बोलणं चाललेलं असताना काकू म्हणाल्या, “अहो, पण नवरात्रात ती फट मिटते ना! होळी झाली की परत दिसायला लागते.”

काकांनी ते कानाआड केलं. माझ्या मते निदान त्या वाक्यातच होतं. पाया वजनानं खचत असेल तर बांधकाम सुरुवातीला भरभर बसतं, मग हळूहळू, आणि बसलेलं पुन्हा वर येत नाही. फट वाढत जाते किंवा एका जागी थांबते. पावसाळ्यानंतर मिटणारी आणि उन्हं तापली की उघडणारी फट म्हणजे खालची जमीन ऋतूप्रमाणे वरखाली होते आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, खाली दख्खनचा काळा बेसॉल्ट, वर त्याचीच झिजून झालेली काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, म्हणजे हा खेळ दरवर्षी न चुकता होणारच.

मग घर कसं स्थिर? कारण घराचा पाया मुरमावर आहे. काकांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा जुन्या पद्धतीनं काळी माती संपेपर्यंत खणून, काळ्या दगडाच्या डबरात पाया भरून घेतला होता. पायऱ्या मात्र ‘पायऱ्याच तर आहेत’ म्हणून फूटभर चरात विटांचे तुकडे टाकून उभ्या केल्या. वर आणखी एक गोष्ट झाली. पायऱ्यांच्या वरच्या दोन थरांतल्या विटा घराच्या जोत्यात दाते पाडून आत घुसवल्या, मजबुती यावी म्हणून. म्हणजे पायऱ्यांचं डोकं घराच्या हातात आणि पाय काळ्या मातीत, अगदी दोन दगडांवर पाय. घर हलत नाही, माती हलल्याशिवाय राहत नाही, आणि मध्ये तुटतात त्या विटा.

खड्ड्यात काय निघालं

अंदाजावर पाडापाडी नको म्हणून पायऱ्यांपासून थोडं दूर, पण त्याच बाजूला, एक चाचणी-खड्डा खणून घेतला. एप्रिल महिना होता. वरचा फूटभर भराव, त्यात विटांचे तुकडे, टाइल्स, एक जुनी कळशी. त्याखाली काळी माती, कोरडी, दगडासारखी कडक, उभ्या भेगा पडलेली. साधारण दीड मीटरला रंग पिवळट व्हायला लागला आणि 1.6 मीटरला कुदळ ठणकन वाजली, मुरूम. हे नशीबच म्हणायचं. याच शहरात कुठे हातभर खाली मुरूम लागतो, कुठे तीन-चार मीटर खणूनही काळीच निघते. शेजारच्या प्लॉटवर मुरूम अमुक खोलीला लागला म्हणून आपल्याकडेही तिथेच लागेल, असं इथे धरून चालत नाही.

काळ्या मातीचा नमुना लॅबमध्ये दिला. चाचणी जुनी आणि स्वस्त आहे, भारतीय मानक 2720 च्या भाग 40 मधली. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये. 24 तास तसंच ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या आकारमानातल्या फरकाला रॉकेलमधल्या आकारमानानं भागलं की मुक्त फुगवट्याचा निर्देशांक मिळतो. इथे पाण्यात 21 मिलिलिटर, रॉकेलमध्ये 11, म्हणजे जवळपास 91 टक्के. मानक 1498 च्या प्रतवारीत 50 ते 100 टक्के म्हणजे मध्यम, 100 ते 200 जास्त, त्यापुढे अतिजास्त.

“मध्यम म्हणजे चिंता नाही ना?” काकांचा प्रश्न.

मध्यम हा शब्द फसवा आहे. तीन मजली घराच्या भिंतीसाठी तो दिलासा ठरू शकतो. चार पायऱ्यांसाठी अजिबात नाही, कारण इथे प्रश्न मातीच्या ताकदीचा नसून पायऱ्यांच्या हलकेपणाचा आहे.

हिशेब सोपा आहे, तो मी काकांना कागदावर मांडून दाखवला. बँकेतल्या माणसाला आकडे पटतात. वीटकामाचं वजन घनमीटरला साधारण 1.9 टन. जुन्या पायऱ्यांचा वरचा चौथरा जमिनीवर 75 आणि जमिनीखाली 30 सेंटिमीटर, म्हणजे मातीवर दर चौरस मीटरला सुमारे दोन टन. सगळ्यात खालच्या पायरीखाली तर जेमतेम एक टन. काळी माती कोंडून भिजवली तर तिचा फुगण्याचा दाब दर चौरस मीटरला दहा टनांपर्यंत सहज जाऊ शकतो. नुसत्या वजनानं दहा टन दाबून ठेवायचे असतील तर पाच मीटरहून उंच भरीव चौथरा बांधावा लागेल. मिस्त्री म्हणत होता, “वजन डालो साहब, दब जाएगी.” मुरमाड किंवा रेताड जमिनीत त्याचं चुकलं नसतं. काळ्या मातीत अर्धा फूट जास्त गिट्टी म्हणजे मातीला उचलायला अर्धा फूट जास्त ओझं, एवढंच.

आता फटीचं गणित जुळतं. उन्हाळ्यात भिंतीलगतची माती घराच्या सावलीत आणि ओलाव्यात थोडी ओली राहते, बाहेरच्या कडेची माती पश्चिमेच्या उन्हानं पार सुकते. बाहेरची कड खाली जाते, पायऱ्या घरापासून बाहेर कलतात, वर फट पडते. मी मे महिन्यात मोजली तेव्हा वरच्या तोंडाशी 18 मिलिमीटर होती, जमिनीशी जवळजवळ शून्य. म्हणजे सरकणं नव्हे, कलणं. पावसाळ्यात बाहेरची कड फुगून वर येते आणि पायऱ्या परत घराकडे झुकतात. आणि नेमक्या त्या वेळी, उन्हाळ्यात बुजवलेलं सिमेंट मध्ये असतं! मिटायला जागाच नाही, म्हणून पायऱ्या भिंतीला रेटतात. उंबऱ्याजवळची फरशी उचलली ती त्यामुळे, जोत्याच्या पातळीला आडवी चीर गेली तीही त्यामुळे. शिवाय घराकडे झुकलेल्या चौथऱ्यावरचं पाणी भिंतीत मुरतं, तीच ओट्याखालची ओल. फट बुजवण्याचं काम जितक्या इमानानं झालं, तितकं नुकसान वाढत गेलं.

पाणी कुठून येतं

हा भाग मला मिस्त्रीनं दाखवला, आणि इथे त्याची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण निघाली. एप्रिलमध्ये सगळं अंगण भेगाळलेलं, पण पायऱ्यांच्या उत्तर टोकाला दोन हात जागा मऊ होती. तिथे भूमिगत टाकीचा ओव्हरफ्लो पाइप उघडा सोडलेला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आलं की टाकी भरून वाहते, आणि वाहिलेलं सगळं पायऱ्यांच्या पायात. गच्चीचं पावसाचं पाणी उतरवणारा पाइपही तिथेच येऊन संपत होता. बाहेरच्या मोरीचा सांधा फुटला होता. दुसऱ्या टोकाला, तीन मीटरवर, चांगला वाढलेला पेरू. उन्हाळ्यात त्याची मुळं तिथली उरलीसुरली ओल ओढून घेतात. एका टोकाला माती बारमाही ओली, दुसऱ्या टोकाला कोरडीठाक. पायऱ्या नुसत्या बाहेर कलत नव्हत्या, थोड्या पिळवटतही होत्या. मधल्या पायरीला तिरकी चीर होती, तिचा अर्थ तेव्हा लागला.

काळ्या मातीवरच्या छोट्या बांधकामात पाण्याची वाट लावणं हा पायाचाच भाग आहे, असं माझं मत आहे. नुसतं पाणी वळवलं असतं तरी निम्मी हालचाल थांबली असती. पूर्ण थांबली नसती, कारण पाऊस कुणाच्या पाइपातून येत नाही.

पर्याय, आणि जे नको होते ते

काकांच्या मुलानं पुण्याहून फोनवर बरंच काही पाठवलं होतं. केमिकल ग्राउटिंग (जमिनीत रसायन दाबून भरणं), मायक्रोपाइल (बारीक खोल खांब), मातीत चुना. चुना मिसळल्यानं काळ्या मातीचा फुगवटा खरंच कमी होतो, रस्त्यांच्या कामात हे केलंही जातं. पण तिथे माती पसरून, यंत्रानं चुना मिसळून, पाणी मारून दाबतात. दोन मीटरच्या चरात फावड्यानं मिसळलेला चुना कुठे जास्त, कुठे काहीच नाही, असा पडतो आणि माती तशीच असमान फुगते.

अंडर-रीम्ड पाइल हा काळ्या मातीचा खास उपाय. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तो आपल्याकडे रुजवला. बारीक खोल खांब, तळाशी खांबाच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगीर कंद, म्हणजे माती वरून ओढायला लागली तरी कंद खाली पकडून ठेवतो. मुरूम तीन-चार मीटरवर असता तर मी तोच सुचवला असता. इथे 1.6 मीटरवर मुरूम असताना त्यासाठी ऑगर (जमिनीत भोक पाडायचं यंत्र) आणणं म्हणजे उगाच खर्च.

तिसरा पर्याय गंभीर होता: मीटरभर काळी माती काढून तिच्या जागी मुरूम थराथरानं दाबून भरायचा, वर जाळीची एक अखंड पट्टी, आणि पायऱ्या घरापासून पूर्ण सुट्या. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक काटी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थरावर काम केलं, त्यातून मीटरभर असा थर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा बराच आवरतो हे पुढे आलं, आणि कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं. पायऱ्या थोड्या हलतील, पण एकसंध हलतील. अंगणाच्या कडेच्या, बागेच्या पायऱ्यांसाठी मी हाच मार्ग घेईन. इथे मात्र चौथऱ्यासमोर दार होतं आणि काकूंचे गुडघे होते. उंबरा आणि चौथरा यांच्यात पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात वेगळी उंची नको होती.

आणि पूर्ण लांबीचा चर मुरमापर्यंत खणून भरीव भिंत? चालली असती. पण अडीच मीटर लांब, दीड मीटरहून खोल चर घराच्या भिंतीला खेटून एकदम उघडायचा, हे मला मान्य नव्हतं. शिवाय लांब भरीव पायाला दोन्ही बाजूंनी काळी माती घट्ट धरते आणि फुगताना घासून वर ओढते. जितकं जास्त अंग मातीत, तितकी ही ओढ जास्त.

म्हणून ठरलं ते असं: दोन टोकांना, घराच्या भिंतीला काटकोनात, दोन आडव्या जाड भिंती मुरमापर्यंत, त्यांच्यावर आरसीसीचा स्लॅब, स्लॅब आणि जमीन यांच्यात मोकळी जागा, आणि स्लॅबवर वीटकामाच्या पायऱ्या. मधली माती हवी तितकी फुगो, तिला वर यायला जागा आहे. काकांना ‘खाली पोकळ’ हा शब्द काही केल्या पचत नव्हता. भक्कम म्हणजे भरीव, हे आपल्याकडे फार खोल रुजलेलं आहे. मी त्यांना त्यांच्याच गच्चीची आठवण दिली, तीही पोकळीवरच उभी आहे.

काम

दिवाळी झाल्यावर काम धरलं. मे महिन्यात काळी माती कुदळीला दाद देत नाही आणि उभ्या भेगांमुळे खड्ड्याच्या भिंतीचे तुकडे अचानक सुटतात. ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी. पावसानंतर दीड-दोन महिन्यांनी माती खणण्याजोगी असते. खड्डे एकामागून एक घेतले: पहिल्यातलं बांधकाम जमिनीपर्यंत येऊन भराव झाल्यावरच दुसरा. आत उतरणाऱ्या माणसासाठी दोन्ही बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू, काढलेली माती कडेपासून मीटरभर लांब. मिस्त्रीला हे बायकी भय वाटलं. त्याला तसं वाटू दिलं, फळ्या मात्र लागल्या.

घराच्या पायाला खालच्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांनी रुंदी दिलेली असते. पहिल्याच खड्ड्यात डबराचा तो पसरा भिंतीच्या रेषेच्या 25 सेंटिमीटर बाहेर आलेला दिसला. नवी भिंत त्यावर टेकवली असती तर पुन्हा दोन दगडांवर पाय. म्हणून दोन्ही आडव्या भिंती घरापासून 30 सेंटिमीटर सोडून सुरू केल्या आणि स्लॅब तेवढा घराकडे पुढे काढला. त्या झेपेसाठी स्लॅबमध्ये वरच्या बाजूलाही सळया घालाव्या लागतात. हे साइटवर विसरलं जातं, सळया तळाशी बांधून मोकळे होतात.

मुरमाचा तळ हातानं साफ केला, सुटी माती ठेवली नाही, पाणी शिंपडून दुर्मुसानं ठोकला. त्यावर 1:3:6 चं (सिमेंट, वाळू, गिट्टी) 15 सेंटिमीटर काँक्रीट, 75 सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर लांब, मग 45 सेंटिमीटर जाडीची, 90 सेंटिमीटर लांबीची काळ्या दगडाची भिंत, सिमेंट-वाळू 1:5. जमिनीखाली वीट मी टाळते. ओलीत बसणाऱ्या कामाला काळा दगड बरा, आणि तो इथे मिळतोही. पायऱ्यांचं, स्लॅबचं आणि या भिंतींचं स्वतःचं वजन धरून मुरमावर दर चौरस मीटरला सहा टनांच्या आसपास येतात. कडक मुरमाला ते काहीच नाहीत.

यानंतरचा टप्पा सगळ्यात नाजूक. दगडी भिंतीचे बाहेरचे अंग खडबडीत असते, आणि खडबडीत अंगाला फुगणारी माती छान पकडते. म्हणून बाजूंना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, त्यावर जाड प्लॅस्टिकचे दोन पदर, आणि भोवती मुरूम, पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत ओला करून ठोकलेला. काढलेली काळी माती परत आत टाकायची नाही, हे ठेकेदाराला दोनदा सांगावं लागलं. ती उचलून नेणं त्याच्या हिशेबात नव्हतं. भोवती वाळू भरायचा सल्ला बरेच जण देतात. घर्षण कमी होतं हे खरं, पण चारही बाजूंनी काळ्या मातीनं वेढलेला वाळूचा खिसा म्हणजे पाण्याची टाकी. पावसाचं पाणी तिथे साठतं, बाजूच्या मातीला आठवडेच्या आठवडे पाजत राहतं.

स्लॅब 12 सेंटिमीटर, एम 20 प्रतीचं काँक्रीट. तळाला 10 मिलिमीटरच्या सळया 15 सेंटिमीटरवर, आडव्या 8 मिलिमीटरच्या 20 सेंटिमीटरवर. जमिनीपासून 80 मिलिमीटर मोकळी जागा ठेवली. ती ठेवण्यासाठी सेंटरिंगच्या (स्लॅब ओतताना खालून आधार देणाऱ्या) फळ्या दोन भिंतींवर टेकवल्या आणि नंतर बाहेरच्या बाजूनं ओढून काढल्या. मजुरांना वाळूवर स्लॅब टाकून ‘नंतर काढू’ म्हणायची सवय असते. ती वाळू कधीच निघत नाही. बाहेरचं तोंड उंदीर-सापांसाठी कोटा फरशीचे उभे तुकडे लावून बंद केलं. ते तुकडे मातीत थोडे रुतवले आहेत आणि स्लॅबच्या कडेला नुसते टेकले आहेत, वजन घेत नाहीत.

जुन्या पायऱ्यांत 75 सेंटिमीटर चढ चार टप्प्यांत होता, पावणेएकोणीस सेंटिमीटरचा एक. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराला 19 पर्यंत चालतं, म्हणजे नियमात बसत होतं. काकूंच्या गुडघ्यांत बसत नव्हतं. आता पाच टप्पे, प्रत्येकी 15, पाय ठेवायला 30. दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून 60 सेंटिमीटरच्या पुढेमागे आलं की पाऊल सहज पडतं. उंची मोजताना फरशी आणि तिच्याखालचा मसाला आधीच धरावा लागतो, नाहीतर पहिली पायरी उंच आणि शेवटची ठेंगणी, आणि माणूस नेमका तिथे अडखळतो. फरशी पॉलिश न केलेली कोटा. प्रत्येक पायरीला बाहेर तीन मिलिमीटर उतार, चौथऱ्याला 1:50. चौथरा उंबऱ्यापासून 25 मिलिमीटर खाली.

घर आणि पायऱ्या यांच्यात आता मुद्दाम ठेवलेली 20 मिलिमीटरची फट आहे. आत बिटुमेनचा (डांबराचा) बोर्ड, तोंडाशी लवचीक सीलंट. एकही वीट जोत्यात गेलेली नाही. जुने दाते काढून तिथली वीट नव्यानं भरली. या फटीत सिमेंट भरायचं नाही, असं मी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलं. काका हसले, पण पुढचा गवंडी मला विचारून येणार नाही.

पाण्याचं काम शेवटी आणि कमी खर्चात झालं. ओव्हरफ्लो आणि गच्चीचा पाइप जोडून पुढच्या अंगणात नेले. इंदूरमध्ये रेन वॉटर हार्वेस्टिंगचा आग्रह आहे आणि तो योग्यच आहे. प्लंबर मात्र शोषखड्डा पायऱ्यांशेजारीच घ्यायला निघाला होता, पाइप वाचतो म्हणून. तो पूर्वेच्या कोपऱ्यात, घरापासून जितका लांब जाईल तितका लांब नेला. मोरीचा सांधा बदलला. भिंतीलगत 90 सेंटिमीटर रुंद फरसबंदी, खाली 20 सेंटिमीटर दाबलेला मुरूम, उतार बाहेर, दर दीड मीटरवर सांधा. पेरूला हात लावला नाही. काकूंनी तो आधीच विषयातून बाद केला होता.

नंतरचा पावसाळा आणि उन्हाळा

भिंतीवर आणि चौथऱ्यावर समोरासमोर खुणा करून ठेवल्या होत्या. सप्टेंबरअखेर आणि मेमध्ये मोजलं तेव्हा दोन्हींच्या पातळीत फरक मिलिमीटरभर, म्हणजे माझ्या मोजण्यातल्या चुकीएवढा. फटीची रुंदी तशीच. ओट्याखालचा डाग वाळला, पण गिलाव्यावर क्षार आले आहेत, तो गिलावा खरवडून नव्यानं करावा लागेल. फरसबंदी मात्र पेरूच्या कोपऱ्यात उचलली गेली आणि तिला चीर पडली. ते अपेक्षित होतं. ती काळ्या मातीवरच बसली आहे, हलणारच. सांध्यापाशी तुटली, पायऱ्यांना ओढलं नाही, हेच तिचं काम. तिथली एक पट्टी काढून परत टाकायची, सीलंट भरायचं. खर्च? नुसत्या पायऱ्या बांधण्याच्या दुपटीला थोडा कमी. काकांनी आतापर्यंतच्या सिमेंट भरण्याचा आणि ओलीच्या रंगकामाचा हिशेब काढला नाही, मीही काढायला लावला नाही.

आता काकांचा आग्रह आहे की पुढच्या दाराच्या पायऱ्यांनाही ‘असंच मुरमापर्यंत’ करून टाकू. त्याही उथळ पायावरच आहेत. पण त्यांना इतक्या वर्षांत केसभर चीर नाही. वर पोर्च आहे, तीन बाजूंनी फरशी आहे, जवळ झाड नाही, पाइप नाही. खालच्या मातीची ओल बारा महिने साधारण सारखी राहते, म्हणून ती माती शांत आहे. त्या उकरायचं काही कारण मला दिसत नाही. अट एकच घातली आहे: पोर्चच्या पत्र्याची पन्हळ गळायला लागली तर त्याच आठवड्यात दुरुस्त करायची, आणि पूर्वेच्या शोषखड्ड्याचं पाणी पायऱ्यांकडे झिरपत नाही ना, हे पहिल्या मोठ्या पावसानंतर छोटा खड्डा घेऊन बघायचं.